गिरणीवाल्याच्या लेकीनं निवडलेला पंखा

शिवकन्येनं कानातली वायर काढली आणि सीडी प्लेअर पुष्पाबाईंच्या टेबलावर ठेवला.

"बाई, धडा लई चांगला वाचला तुम्ही. पण तुमच्या मागं कोण दळण दळून राह्यलंय?"

इतिहासाचा तो धडा पुष्पाबाईंनी तीनदा वाचला होता, चुका कापून टाकल्या होत्या आणि टेंभुर्णीच्या शाळेतल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर जन्मातली पहिली सीडी स्वतःच्या हातांनी तयार केली होती. पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकलेली ही बाई दोन दिवस गावातून जरा ताठ मानेनं फिरत होती.

"दळण कुठलं? कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज असेल तो. धड्याकडे लक्ष दे, त्याच्याकडे कशाला देतेस?"

"देत न्हाई बाई. तोच घुसतो. दोन पानं ऐकली की डोकं भणभणतं."

शिवकन्या ही गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्या मच्छिंद्रची मुलगी. सहा वर्षांची असताना तापात तिची दृष्टी गेली. बाकीची मुलं पाटीवर शिकली, ही कानावर शिकली. नववीपर्यंत कोणी ना कोणी तिला पुस्तक वाचून दाखवत आलं होतं. पण दहावीची पुस्तकं जाड, आणि वाचून दाखवणाऱ्या मैत्रिणींनाही स्वतःचा अभ्यास होता. म्हणून पुष्पाबाईंनी सगळे धडे वाचून भरून द्यायचं ठरवलं होतं. कॅसेटी पंधरा-वीस लागल्या असत्या. सीडीत अख्खं पुस्तक मावत होतं, आणि मामानं दिलेला प्लेअर घरी होताच. पेपर लिहायला लेखनिक मिळणार होता. राहिली होती फक्त परीक्षेच्या फॉर्मवरची सही, आणि नेमकी तिथंच पोरगी अडली होती.

"ऐकायला नीट आलं तर सही करते," ती म्हणाली. "नुसतं मेहरबानीवर पास व्हायला मला न्हाई बसायचं."

फॉर्म शनिवारी जायचा होता. त्या दिवशी सोमवार होता.

शाळेचा शिपाई कचरू दारात उभा राहून ऐकत होता. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उपाय असे. "त्यात काय बाई! विरजणाचं भांडं कसं गुंडाळून ठेवतो? तसं ह्याला गुंडाळू. आवाज बाहीर यायचाच न्हाई." आणि त्यानं घरून खरोखरच गोधडी आणली. बेबीनंदानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लुगड्याच्या सात पदरांची शिवलेली. कॉम्प्युटरचा डबा तिच्यात बाळंतिणीसारखा गुंडाळला गेला. आवाज दबला. पुष्पाबाई खुशीत वाचायला बसल्या. पाचव्या मिनिटाला गोधडीतून घोंघावणं सुरू झालं, दहाव्या मिनिटाला त्याची किंकाळी झाली, आणि मग पडदा काळा. अर्धा धडा गेला तो गेलाच.

"तापानं गेला," कचरू हळहळला.

"तापानंच गेला," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण तीस वर्षं पोरांना उष्णतेचा जो धडा शिकवला, तो स्वतःच विसरलो होतो. त्यांनी शिवकन्येला जवळ बोलावलं. विजेची वायर काढून, डबा निवू देऊन, झाकण उघडलं आणि तिचा हात धरून आत नेला.

"इथं बोट लाव. काय लागतं?"

"पातळ पातळ पत्रे. वहीच्या पानांसारखे उभे."

"त्यांच्या मागे कॉम्प्युटरचा मेंदू आहे, प्रोसेसर म्हणतात त्याला. तो काम करताना तापतो. आता सांग, आई गरम पिठलं लवकर निवायला कशात काढते? तांब्यात की परातीत?"

"परातीत."

"का?"

"पसरतं ना मंग. हवा जास्त लागती."

"तसं हे पत्रे म्हणजे परात. आणि हा पुढचा पंखा वारा घालणारा. पंखा आहे केवढा?"

शिवकन्येनं तळहात पंख्यावर ठेवला. "माझ्या मुठीएवढा."

"लहान आहे, म्हणून जिवाच्या आकांतानं फिरतो. परात मोठी असती आणि पंखा मोठा असता तर—"

"—सावकाश फिरून पण भागलं असतं," शिवकन्या म्हणाली. "सावकाश फिरला तर आवाज कमी."

पुष्पाबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. धूळ झाडून पंखा पुन्हा लावला. किंकाळी गेली, पण घरघर राहिलीच. तेव्हा त्यांनी डब्यातली जागा फूटपट्टीनं मोजली, लांबी-रुंदी-उंची कागदावर उतरवली, हेडमास्तरांची परवानगी घेतली आणि जुना पंखा पत्र्यांसकट रुमालात बांधून बुधवारी सकाळच्या एसटीनं दोघी जालन्याला निघाल्या.

दुकान पहिल्या मजल्यावर होतं. मालक अण्णासाहेब तिशीतला, बोलका माणूस.

"आवाज न करणारा पंखा पाहिजे," पुष्पाबाईंनी सांगितलं.

"न बोलणारी बायको आणि आवाज न करणारा पंखा, बाई, मला तर कुठं दिसले न्हाईत."

"न बोलणारा नवरा मिळाला मला. पंखाही मिळेल. दाखवा तुम्ही."

अण्णासाहेब मोकळेपणानं हसला आणि त्यानं जुन्या पंख्याशी आणि कागदावरच्या मापाशी ताडून तीन पंखे काढले. पहिल्याला रंगीत दिवे होते. चालू केल्याबरोबर शिवकन्येनं कानांवर हात ठेवले, तो बाजूला गेला. उरलेले दोन मोठ्या पत्र्यांचे, मोठ्या पंख्यांचे. त्यानं छताचा पंखा बंद केला, रस्त्याकडची खिडकी लावली आणि एकेक पंखा काउंटरवर आडवा ठेवून वायर जोडली. एकातून वाऱ्याचा हलकासा सूं येत होता. दुसऱ्यातून जवळजवळ काहीच नाही.

"झालं तर!" पुष्पाबाई म्हणाल्या. "हा दुसरा द्या."

"बाई, थांबा," शिवकन्या म्हणाली. "आपल्या डब्यात तो असा झोपलेला असतो का? मी हात लावला तवा तर उभा होता."

पुष्पाबाई चपापल्या. खरंच, शाळेतला डबा उभा होता आणि आतला पंखा भिंतीवरच्या घड्याळासारखा. मोजमाप सगळं केलं, एवढंच सुटलं होतं.

"साहेब, उभा धरा त्याला. आणि एक पेचकस द्या," शिवकन्या म्हणाली.

"पेचकस? खोलून पाहती का काय पोरी? नवाकोरा आहे तो!"

"खोलत न्हाई. ऐकती."

तिनं पेचकसाचं टोक चाचपडत पंख्याच्या चौकटीवर टेकवलं आणि त्याची मूठ कानाच्या हाडाला लावली. पुष्पाबाईंनी मच्छिंद्रला गिरणीत हे करताना शेकडो वेळा पाहिलं होतं. बेअरिंग जायला लागलं की तो असाच कान लावून उभा राही, आणि शेजारी परकरातली ही पोर आपला कान पुढं करी.

शिवकन्येचा चेहरा हळूहळू आक्रसला.

"ह्याच्यात घासतं. आता थोडंच घासून राह्यलंय, गरम झाला की वाढन."

"अगं, मला तर काहीच ऐकू येत न्हाई," अण्णासाहेब म्हणाला.

"मंग चालू ठेवा त्याला. उभाच. चहा सांगा."

"चहा पण मीच सांगू?"

"हरलात तर तुमचा. मी हरले तर बाईंचा."

चहा आला, कपबशा रिकाम्या झाल्या. मग अण्णासाहेबानं मान तिरपी केली. पंख्यातून बारीक, किरकिरणारी कुरकुर येत होती. थांबत होती, पुन्हा येत होती. त्यानं तो आडवा केला, कुरकुर गेली. उभा केला, आली.

मग शिवकन्येनं सूं करणाऱ्या पंख्याला पेचकस लावला. तोही उभा धरून, तेवढाच वेळ चालवून. तिचा चेहरा या वेळी सैल झाला.

"हा घ्या बाई. ह्याच्यात आवाज न्हाई. नुसता वारा आहे."

अण्णासाहेबानं किरकिरणारा पंखा खोक्यात घालून विक्रीच्या फळीवर न ठेवता बाजूला सारला. "बाई, कोणाची हो ही?"

"टेंभुर्णीच्या गिरणीवाल्या मच्छिंद्रची," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि किंचित थांबून पुढे म्हणाल्या, "आणि माझी विद्यार्थिनी."

गुरुवारी पंखा बसवायला मच्छिंद्र स्वतः आला. गिरणीवर बायकोला, सोनूबाईला बसवून, हात धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून. प्रोसेसर आणि पत्रे यांच्यामध्ये लावायच्या पेस्टची छोटी नळी त्यानं हातात घेतली आणि बेअरिंगात ग्रीस भरायच्या सवयीनं अर्धी पिळायला निघाला.

"अहो, अहो! गिलावा करताय का?" पुष्पाबाई ओरडल्या. "ज्वारीच्या दाण्याएवढी बस. दोन्हीकडची बारीक फट तेवढी भरायची. जाड थर झाला तर उष्णता पत्र्यांकडे जायलाच अडते."

मच्छिंद्र ओशाळला. "आमच्याकडं कमी पडली की मशीन बोंबलती, बाई."

"इथं जास्त झाली की बोंबलते."

त्यानं दाण्याएवढी पेस्ट लावली, पत्रे सरळ दाबून बसवले, चारी बाजू सारख्या कसल्या. झाकण लागलं. कचरूनं बटण दाबलं. सगळे कान देऊन उभे.

"बंदच हाये की!" कचरू म्हणाला.

शिवकन्या हसली. "चालू आहे, कचरूमामा. मागं हात लावा."

कचरूनं मागच्या जाळीला तळहात लावला आणि त्याचे डोळे मोठे झाले. कोमट वारा येत होता.

पुष्पाबाईंनी तोच गेलेला धडा पुन्हा वाचला. सगळा, एका बैठकीत. मध्ये एकदाही पडदा काळा झाला नाही. मग त्यांनी शिवकन्येच्या कानाला वायर लावली आणि समोर बसून तिचा चेहरा वाचू लागल्या. पोरगी मान खाली घालून ऐकत होती. एक पान. दोन पानं. तिसऱ्या पानाला तिच्या कपाळावर आठी आली. पुष्पाबाई पुढे वाकल्या.

"काय झालं? पुन्हा दळण?"

"हो बाई. पण हे खरं दळण आहे. धड्याच्या मागं आपली गिरणी ऐकू येती, लांबून." ती वडिलांच्या दिशेला वळली. "बाबा, पट्टा सैल झालाय. घसरून राह्यलाय मधून मधून. आईला कळलं नसन."

मच्छिंद्रनं चपला चढवल्या. दहा मिनिटांनी तो धापा टाकत परत आला. सदऱ्यावर पीठ होतं.

"होता," तो म्हणाला. "सैल होता." तो नुसता लेकीकडे बघत राहिला, मग कचरूकडे बघितलं, जसं काही कचरूला हे आधीपासून माहीत असायला हवं होतं.

"ते दळण कापून टाकू का धड्यातून?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"राहू द्या. त्याचा त्रास न्हाई होत." शिवकन्येनं टेबलावर हात पसरला. "फॉर्म कुठंय?"

पुष्पाबाईंनी फॉर्म पुढे सरकवला आणि सहीच्या ओळीखाली फूटपट्टी आडवी धरली. शिवकन्येनं पट्टीच्या कडेला बोट लावलं आणि बाईंनीच शिकवलेली सही केली. मोठ्या, वळणदार अक्षरांत, कुठेही न थांबता.