भीमुनिपट्टणमला भूगोलाचा पेपर

प्रश्न पहिला. आदिलाबादच्या शाळेत वीस वर्षं समुद्र शिकवणाऱ्या मी तो कधी पाहिला होता का?

उत्तर: नाही. पण पाहिला आहे, असं लग्नाआधीच दमयंतीला सांगून बसलो होतो.

प्रश्न दुसरा. डचांच्या या जुन्या बंदरगावी, कड्यावर उभं राहून मी काय केलं?

उत्तर: बायकोला भरती-ओहोटी समजावली. मग खाली उतरलो आणि ती पाठमोरी असताना ओंजळभर पाणी हळूच चाखलं. नेमकी तेव्हाच ती वळली.

"अवो, काऊन चाखून राह्यले?"

"खारट आहे का, ते पाहिलं."

"मंग मागच्या वेळी गोड होतं का?"

प्रश्न तिसरा. गुण किती मिळाले?

उत्तर: पेपर दमयंतीकडेच आहे. ती अजून हसते आहे.