प्रत्येकाला नवं ब्लेड

मंडळी, आपल्या दुकानाच्या भिंतीला टेकून कुणी सुई टोचून घेत बसलं, तर आपल्या अंगाचा तिळपापड होतो. या न्हाव्याचाही झाला होता. त्याच्या दुकानाच्या मागच्या पायरीवर नशेबाज पोरं बसत. हाकलली की पांगत, पाठ वळली की परत येत. न्हाव्याने पायरीवर फिनेल ओतून पाहिलं, मागच्या दाराला आडवी फळी ठोकली. उपयोग शून्य. त्यात भर म्हणजे काडी.

काडी हा एके काळी त्याच पायरीवर बसणारा. अंगाने वाळलेला, म्हणून काडी. आता नशा सोडून एका संस्थेच्या कामाला लागला होता. दुपारी खांद्याला थैली अडकवून दुकानामागच्या बोळात यायचा, पोरांना कोऱ्या सुया द्यायचा, वापरलेल्या सुया डब्यात भरून न्यायचा. कुणाला ताप आला, कुणाची जखम चिघळली, की दवाखान्यात घेऊन जायचा. दुकानदार त्याच्यावर थुंकायचेच बाकी होते. काल न्हाव्याने हद्द केली. काडीची थैली हिसकावून दुकानातल्या कपाटात कोंडली आणि कुलूप घातलं. समोरच्या चष्मेवाल्याने टाळ्या वाजवल्या.

न्हाव्याच्या रागाचं मूळ गल्लीला ठाऊक होतं, तोंडावर कुणी बोलत नसे. त्या पायरीवर बसणाऱ्यांत त्याचा धाकटा भाऊ होता. याच दुकानात कात्री धरायला शिकलेला. न्हाव्यानेच त्याला घराबाहेर काढलं होतं, आणि तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता.

आज सकाळी काडी दुकानात शिरला आणि सरळ खुर्चीत बसला.

"थैली मागायला आला असशील तर ऊठ," न्हावी म्हणाला.

"दाढी करायला आलोय. गिऱ्हाईक आहे."

बाकावर चष्मेवाला पेपर वाचत होता. "कर, कर," तो म्हणाला. "गाल सापडले तर."

न्हाव्याने दातओठ खात फेस लावला. मग कोऱ्या ब्लेडचा कागद काडीच्या डोळ्यांदेखत फाडला, ब्लेड मोडून अर्धं उस्तऱ्यात बसवलं. ही त्याची रीत. दाढी झाली की ते पत्र्याच्या डब्यात जायचं, पुन्हा कुणाच्या गालाला लागायचं नाही.

"जुनंच चाललं असतं की," काडी म्हणाला.

न्हाव्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या दुकानात एकाचं ब्लेड दुसऱ्याला लागत नाही. एकाचं रक्त दुसऱ्याला लागलं तर जन्माचा रोग लागतो, एवढी अक्कल आहे मला."

"मग नवं ब्लेड मिळतं म्हणून लोकांची दाढी जास्त उगवते का, मालक?"

चष्मेवाला फिसकन हसला, आणि आपण कुणाच्या बाजूने हसलो हे ध्यानात येताच पेपरात तोंड खुपसून बसला.

"दाढीची आणि नशेची बरोबरी करू नकोस."

"करत नाही. दाढी करणं चांगलं, सुई टोचणं वाईट. पण रक्ताला ते कळत नाही. मला त्या पायरीवर कुणी कोरी सुई दिली नव्हती. दुसऱ्याची घेतली आणि एचआयव्ही घेऊन उठलो. आता रोज गोळी घेतो, म्हणून उभा आहे."

न्हाव्याचा हात हवेतच थांबला.

"का थांबलात? ब्लेड नवंच आहे ना?"

न्हाव्याने उस्तरा गालाला लावला, पण पहिल्यासारखा चालेना.

काडी आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाला, "काल तुम्ही थैली कोंडलीत. मी दुसऱ्या सुया आणायला ऑफिसात गेलो, यायला उशीर झाला. तोवर पायरीवर एकच सुई सगळ्यांत फिरली. तुमच्या भावाने माझी वाट पाहिली. नशेवाचून अंग मोडून आलं, मग त्यानेही तीच घेतली."

"तो माझा कुणी नाही."

"नसू दे. पण औषध आहे. असं घडल्यावर तीन दिवसांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. मग लागण टळू शकते. तो दवाखान्यात यायला तयार आहे. पण आज सकाळपासून बोळाच्या तोंडाशी तुम्हा दुकानदारांची माणसं काठ्या घेऊन उभी आहेत, कुणाला आत-बाहेर करू देत नाहीत. मी भिंतीवरून बोललो त्याच्याशी. बाहेर पडायला तुमचं मागचं दार तेवढं आहे."

न्हाव्याने फळीकडे पाहिलं. खिळे त्याने मुद्दाम लांब निवडले होते.

"दार उघडशील तर सगळी घाण आत येईल," चष्मेवाला म्हणाला. "आणि एकदा आलेली जात नाही."

न्हाव्याने उस्तरा खाली ठेवला. हातोडी काढून एकेक खिळा उपटला. दार उघडलं तेव्हा भाऊ गुडघ्यांत मान घालून बसला होता. दाढी वाढलेली, बाह्या ओढून घेतलेल्या.

"ऊठ. मी येतो बरोबर."

भाऊ उठला, पण हात झटकून. "तू आलास तर मी जाणार नाही. काडी म्हणाला म्हणून जातोय. तोही इथे बसायचा माझ्यासारखा. तू नुसतं फिनेल ओतलंस."

न्हावी बाजूला झाला. भाऊ दुकानातून, आरशात न बघता, पुढच्या दाराने बाहेर गेला. त्याच्याबरोबर जायला काडीने टॉवेलने फेस पुसला. एक गाल साफ, दुसरा तसाच. न्हाव्याने कपाट उघडून थैली त्याच्या हातात दिली.

"अर्धी राहिली," काडी म्हणाला.

"परत ये. नवं ब्लेड लावीन."

चष्मेवाल्याने पेपर आपटला. "उद्यापासून माझी दाढी दुसरीकडे."

"तिथे नवं लावतात का, ते आधी विचारा," न्हावी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने पायरीवरचं फिनेल साध्या पाण्याने धुतलं. दुपारी काडी थैली घेऊन त्याच दाराने मागे गेला. भावाला लागण झाली की नाही, हे कळायला अजून अवकाश होता. औषध तो घेत होता, मोठ्या भावाशी बोलत मात्र नव्हता. गल्लीही न्हाव्याशी बोलेनाशी झाली.

मंडळी, नशा वाईटच. पण ती सुटायला आधी माणूस जिवंत राहावा लागतो. आणि पायरीवरचा माणूस आपलं का म्हणून ऐकेल? तो ऐकतो त्याचं, जो त्याच पायरीवर बसून उठलाय. अशा माणसाला आपल्याला मदत करवत नसेल, तर नसू दे. निदान त्याची थैली हिसकावू नये, आणि त्याच्या वाटेतलं दार बंद करू नये.