लहरीमहाराजांचा अंगठा

“आली, आली!” चारकोपच्या कॉलेजच्या पटांगणात पोरं ओरडली. देवी नव्हे, रेंज. एखाद्याच्या अंगात यावी तशी ती श्रेयसच्या फोनात आली होती.

मधोमध लहरीमहाराज बसले होते, गळ्यात तांब्याच्या तारांची माळ घालून. फोन मुठीत धरायचा, डोळे मिटायचे आणि फुत्कारायचं, “हूं लहरी, ये दुहेरी, फोर जी सोड, फाइव्ह जी धर!” मूठ उघडली की मेलेला फोन जिवंत.

“फक्त एक करा,” महाराज म्हणाले. “तो तक्रारअर्ज फाडा. तक्रारीने लहरी दूषित होतात.”

द्रौपदीचा झाडू थांबला. कॉलेजची झाडलोट तिच्याकडे होती आणि तो अर्ज तिच्या नातीने, संघमित्राने लिहिला होता. हजेरी ॲपवर लागायची, वर्गात रेंज नसायची. पोरगी बाकावर हजर, ॲपमध्ये गैरहजर. पंच्याहत्तर टक्के भरले नाहीत तर परीक्षेला बसू देणार नव्हते. वर्गात वायफाय बसवा, तोवर हजेरी कागदावर घ्या, एवढंच तिचं मागणं.

“दे गं तो अर्ज,” श्रेयस संघमित्राला म्हणाला. “काम झालं ना यार!”

“वर्गात झालं का?”

“तू ना, कायम उलटंच बोल!”

द्रौपदीने आपला फोन पुढे केला. “महाराज, माझ्यात पण आणा.”

पोरं महाराजांच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत होती. द्रौपदी अंगठ्याकडे. जन्मभर जिथेतिथे अंगठा उठवून ती साठीत अक्षरं शिकली होती. अंगठा कुठे टेकतो, हे तिच्या नजरेतून सुटत नसे. महाराजांचा अंगठा फोनच्या डोक्यावरून खाली घसरला, एकदा टेकला. तिने महाराजांचं मनगट धरलं.

“उघडा मूठ!”

तिच्या फोनची भाषा मराठी. बोट ठेवून तिने वाचलं, “वि... मा... न. विमान मोड. चालू.”

“मावशी, विमान कुठून आलं?” पोरं हसली.

संघमित्रा हसली नाही. फोन घेऊन तिने सगळ्यांसमोर तेच बटण बंद केलं. रेंजच्या दांड्या भराभर चढल्या.

“मंत्र म्हटला का मी? हे चालू केलं की फोन टॉवरला सोडतो, बंद केलं की नव्याने शोधतो. चल श्रेयस, आता वर्गात.”

दारातून आत जाताच श्रेयसच्या फोनातली रेंज गेली.

“म्हातारे, श्रद्धा नसेल तर...” महाराज उठत म्हणाले.

“श्रद्धा याची होती, रेंज गेली याचीच!” द्रौपदी कडाडली. “भिंतीला मंत्र कळत नाही. वायफाय लागतं, ते मागावं लागतं. कुणी मूठ झाकली की ती आधी उघडायला लावा रे, एवढे शिकलात!”

तिने अर्ज बाकावर पसरला आणि सावकाश आपलं नाव लिहिलं. ‘द्रौ’ला वेळ लागला. पोरं थांबली.

श्रेयस ओशाळून पुढे झाला. “माझा अंगठा चालेल ना मावशी?”

“नाही. आधी वाच. मग सही कर.”