दादूला न विचारता घेतलेली गाडी

विचुंब्याचा कमळाकर गेले सहा महिने पनवेलला जाताना सरळ रस्ता सोडून तळ्याला वळसा घालत होता. सरळ रस्त्यावर दादू मेस्त्रीचं गॅरेज होतं. एरवी कमळाकर कुणाच्या बापाला न भिणारा माणूस. जमिनीच्या मोजणीला आलेल्या साहेबांना त्यानं बांधावरून पळवून लावलं होतं. पण दादूसमोर उभं राहायची त्याची हिंमत नव्हती. गुन्हाही तसाच होता. दादूला न विचारता त्यानं नवी गाडी घेतली होती, आणि तीही बॅटरीवरची!

ही करणी त्याच्या लेकीची. किशोरी बेलापूरच्या ऑफिसात कामाला होती आणि बापाच्या जीपच्या धुरानं तिचा जीव मेटाकुटीला आला होता. तिनं हट्टच धरला, तेव्हा जीप कोन गावच्या एका माणसाला विकली गेली आणि अंगणात दोन दारांची, मोबाईलसारखी चार्जिंगला लावायची इवलीशी गाडी आली. बायको सोनाबाईनं ती बघून विचारलं, "हिला ओवाळू का पालन्यात घालू?"

जीपचा जमाना निराळा होता. गव्हाणपर्यंत पॅसेंजर भरायचे, मासळीच्या पाट्या टपावर, दोन माणसं मागे लोंबकळत. डिझेलची टाकी गळाली की दादू अंगाचा साबण घासून भोक बुजवायचा. रेडिएटर गळाला की त्यात मूठभर हळद टाकायचा, आणि जीप निघायची गव्हाणला. कालवणापेक्षा जीपलाच हळद जास्त लागते, असं सोनाबाई करवादायची. इंजिनात काही खुट्ट झालं की दादू स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. तेवढा वेळ गॅरेजात कुणी बोलायचं नाही. मग एकदम डोळे उघडून म्हणायचा, "पोट बिघडलाय हिचा."

काम होईपर्यंत कमळाकर जुन्या टायरवर बसून चहा घ्यायचा. किशोरीला कॉलेजात घालायचं हे तिथंच ठरलं, भावाशी अबोला सोडायचा तेही तिथंच. खरं सांगायचं तर जीप बिघडली की त्याला आतून बरंच वाटायचं.

नवी गाडी बिघडली की मात्र नुसता लाल दिवा लागायचा. मग कंपनीला फोन करा, हे बटण दाबा, ते बटण दाबा, गाणं ऐका. शेवटी एक गोड आवाज सांगायचा की आमचा माणूस लॅपटॉप घेऊन मुंबईहून येईल, तोवर गाडीला हात लावू नका. पुढच्या झाकणाला सील होतं. ते तुटलं की गॅरंटी संपली. दोनदा ती अशी रुसून अंगणात बसली आणि कमळाकर तिच्याभोवती नुसता फेऱ्या मारत राहिला.

त्या दिवशी तळ्याकडचा रस्ता खणून ठेवला होता. नाइलाजानं कमळाकर सरळ रस्त्यानं निघाला. या गाडीला आवाज नाही, दादूला कळणारही नाही, असा हिशेब करून त्यानं मान खाली घातली. पण देवालाही कधी कधी चेष्टेची लहर येते. बरोबर गॅरेजसमोर लाल दिवा लागला आणि गाडी जागच्या जागी थांबली.

दादू बाहेर आला.

"कमल्या? अरे, मना वाटला आजारी हायस. गावातल्या दोघांना विचारला मी."

कमळाकर खाली उतरला. "गाडी घेतली रे. तुला विचारला नाय."

दादू गाडीभोवती फिरला. टायर दाबून बघितला.

"आनि जीप?"

"विकली. कोनला."

दादूनं टायरवरचा हात काढला. "तिचा दुसरा गिअर अडकतो. सांगितलास ना त्याला?"

कमळाकरनं सांगितलं नव्हतं. दादूनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं.

"दादू, जरा बघ ना हिला."

"सील हाय. तुजी गॅरंटी जाईल."

इतक्या वर्षांत कमळाकरच्या गाडीला हात लावायला दादूला कुणाची परवानगी लागली नव्हती. कमळाकरला एकदम स्वतःचीच चीड आली. त्यानं दादूच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर उचलला, सील टर्रकन तोडलं आणि झाकण उघडलं.

"बघ आता."

दादू वाकला. आत काळे डबे होते, डब्यांतून निघालेल्या जाड नारिंगी वायरी होत्या. त्यानं हात पाठीमागं बांधले आणि बराच वेळ पाहिलं. मग झाकण हळूच लावलं.

"यात माजा काय नाय रे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.

कंपनीला फोन लावला. मग दोघं आत बसले, चहा आला, आणि सहा महिन्यांच्या गप्पा निघाल्या. किशोरीला बघायला येऊन गेलेल्या स्थळाची सगळी हकिगत दादूनं ऐकली आणि नाक मुरडलं. कंपनीचा माणूस आला तेव्हा उन्हं कलली होती.

तुटलेलं सील बघून त्याचा चेहरा उतरला. "हे कुणी उघडलं, काका? आता गॅरंटी मिळणार नाही."

"नको मिलू दे."

"पण उघडलं कशाला?"

कमळाकरनं दादूकडं बोट दाखवलं. "हा माजा मेस्तरी."

"कुठल्या कंपनीचे? काय केलं यांनी?"

"केला काय नाय. बघितला," कमळाकर म्हणाला. "माजी गाडी पयली तो बघतो. मग बाकीचे."

दादू आत वळला आणि एक चिंधी घेऊन, तेल-ग्रीस काही न लागलेले हात पुसत उभा राहिला.