पाचचा ठप्पा

मित्रांनो, शिलाई कारखान्याच्या दारापाशी टांगलेले हजेरीचे जुने घड्याळ म्हणजे मी. फटीत कार्ड सरकवले की मी त्यावर वेळेचा ठप्पा मारते.

मला इथे आणले ते बायकांनी हट्ट धरला म्हणून. पूर्वी सुपरवायझर पेन्सिलीने तास लिहायचा आणि त्याचे खोडरबर पेन्सिलीच्या आधी झिजायचे. शेवटी काजे करणाऱ्या मावशी मालकांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, यंत्र बसवा. त्याला ना भाऊ, ना पुतण्या. ते कुणाची बाजू घेणार नाही." हे ऐकून मी अगदी हुरळून गेले. आठ वर्षांत मी एक मिनिटही मागे पडले नाही.

मग सरकारने कायदा केला. आठ तासांची किमान मजुरी ठरली आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट. त्या दिवशी शिवणयंत्रांच्या खडखडाटातूनही हसणे ऐकू येत होते. मावशी शेजारच्या यंत्रावरच्या लेकीला म्हणाल्या, "आता एक तर पाचला घरी, नाहीतर दुप्पट पैसे."

आठवडाभरात मालकांनी वाट काढली. पाचची घंटा झाली की बायका रांगेने येऊन कार्ड घालायच्या, मी ठप्पा मारायचे आणि त्या परत यंत्रावर बसून सातपर्यंत शिवायच्या. "कुणाला पटत नसेल तर उद्यापासून येऊ नका," सुपरवायझर गोड आवाजात सांगायचा. मला सगळे दिसत होते, पण छापता येत होती ती फक्त वेळ.

मावशींनी एकटीने सरकारकडे तक्रारीचा अर्ज केला. तपासणी अधिकारी आले, भर दुपारी, चहाच्या वेळेला.

"साहेब, आम्ही सातला सुटतो," मावशी म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी कार्डे चाळली. सगळीकडे पाच. "मावशी, यंत्र कशाला खोटं बोलेल?"

"आणि हे यंत्र यांनीच मागितलं होतं बरं का," मालक हसून म्हणाले.

माझा एकही आकडा खोटा नव्हता आणि त्याच आकड्यांनी मावशींना खोटे पाडले. एवढा मोठा विश्वासघात मी कधी पाहिला नव्हता, आणि तो माझ्याच हातून झाला. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढले. जाताना त्या माझ्यासमोर थांबल्या. "तुझ्या भरवशावर बोलले होते रे मी," म्हणाल्या. त्यांची लेक अजून येते. पाचला कार्ड घालताना ती माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. पण मोठेपणी तुमच्यापैकी कुणी तपासणीला आलात, तर आल्या आल्या कार्डे मागू नका. सातपर्यंत दारात उभे राहा.