मशीनताईचा उजवा पाय

"किल्ली मिळणार नाही म्हणजे नाही!" धाकट्या भावाने खिशावर असा हात ठेवला, जणू आत कोहिनूरच आहे. "गेल्या आठवड्यात भिंतीवर आदळलीस, उद्या माणसावर आदळशील. ताई, एकसष्टी झाली तुझी. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबलास, एकदा कबूल कर आणि मोकळी हो."

"मी पाय उचलला होता. गाडीनेच ऐकलं नाही."

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

"आणि अंगण खरंच वाकडं असलं तर? कुणी बघायचं की नाही?"

मशीनताई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. चाळीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त केल्यावर लोकांना खरं नाव आठवेनासं झालं, इतकंच. तिची गाडी सत्तावीस वर्षांची. डिकीत दोन-तीन मशिनी, मागच्या सीटवर हत्यारांची पेटी, आणि ही बाई गावभर. तेवढी लोखंडी धुडं खांद्यावर घेऊन काही बसमध्ये चढता येत नाही. म्हणजे किल्ली गेली की धंदा गेला, सरळ हिशेब!

आणि झालं होतं काय? फाटकाशी वळताना तिने पाय उचलला, तरी इंजिन आपलं बोंबलतच राहिलं. तिने ब्रेकवर उभं राहून किल्ली फिरवली, पण तोवर बंपर शेजारच्या मास्तरांच्या भिंतीला भिडला होता. एक वीट पडली. माणूस, मांजर, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून भाऊ फोनवर सगळ्यांना सांगत सुटला, "ताई आता घरीच असते." लोकही तिच्याशी हळू आणि मोठ्याने बोलायला लागले. पायाबरोबर जणू कानही गेले!

आठ दिवस तिने ऐकून घेतलं. नवव्या दिवशी सकाळी ती चालत जाऊन ॲक्सिलरेटरची नवी केबल घेऊन आली. दुकानदाराने विचारलं, "कोणता मेकॅनिक बसवणार, काकू?"

"समोर उभी आहे ती."

आणि आता ती बॉनेट उघडून भावाकडे बघत होती. "चल, बस आत. पेडल दाबायला माणूस हवा."

"मी?"

"घाबरतोस कशाला? इंजिन बंद आहे. किल्ली तुझ्याच खिशात आहे."

"बसा हो," स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनी म्हणाली, "बसून करायचं काम तुम्हाला छान जमतं!"

भाऊ बसला. ताई इंजिनावर ओणवी झाली. केबल ज्या छोट्या दांडीला ओढते, तिच्यावर तिची नजर.

"दाब. सोड."

दांडी गेली, परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. भावाच्या मिश्यांखाली हसू फुटलं.

"आता पार तळापर्यंत दाब. सोड."

दांडी गेली ती गेलीच.

"सोड म्हटलं ना!"

"सोडलाय!"

"थापा नको मारूस."

"अगं, देवाशप्पथ सोडलाय! हा बघ पाय!" त्याने पाय उचलून थेट स्टिअरिंगपर्यंत नेला.

"अरेरे," ताई चुकचुकत म्हणाली, "तुला त्रेपन्नच ना रे? इतक्या लवकर?"

खिडकीतली वहिनी ओट्याला धरून हसत होती.

ताईने दोन्ही टोकं सोडवली आणि केबलची आतली तार बाहेर ओढली. वळणाशी तिचे दोन पदर तुटले होते आणि अख्ख्या तारेवर काळी, चिकट खळ. तिने बोट नाकाशी नेलं आणि तिचा चेहरा उतरला. हा वास ती झोपेतही ओळखेल. शिलाई मशीनचं तेल!

सहा महिन्यांपूर्वी पेडल जरा जड लागलं होतं. तेव्हा तिनेच आपल्या तेलाच्या डबीचं नाक केबलीत खुपसलं होतं. केबलच्या बाहेरच्या नळीला आतून प्लास्टिकचं अस्तर, ती कोरडीच हवी. तेलाने धूळ धरली, धुळीची खळ झाली आणि खळीने तार धरली. चाळीस वर्षांची कारागीर, आणि ही अक्कल!

भाऊ अजून आतच होता. ताईच्या हातात चिंधी होती. एक फटकारा मारला असता तर पुरावा साफ. पदर तुटलेले होतेच, तेवढं कारण पुरलं असतं.

तिने चिंधी बाजूला ठेवली.

"इकडे ये. हे बघ. हे तेल मी घातलं होतं. त्यानेच चिकटली."

भावाला लॉटरीच लागली. "म्हणजे चूक तुझीच!"

"माझीच. पण पायाची नाही, हाताची. हाताची चूक मला दिसली, मीच तुला दाखवली आणि आता मीच निस्तरणार. पाय चुकला असता ना, तर किल्ली मी स्वतः तुझ्या हातात दिली असती. तुला खिशावर हात ठेवावा लागला नसता."

भाऊ वाकून ते तुटलेले पदर बघू लागला.

तिने नवी केबल जुनीच्याच वाटेने घातली, कुठेही जास्त वाकू न देता. पेडलला अडकवली, दांडीला जोडली, नट फिरवून दोऱ्याएवढी ढिलाई ठेवली. मग भावाला पुन्हा बसवलं आणि वीस वेळा पार तळापर्यंत दाबायला लावलं. वीसही वेळा दांडी टक्कन जागेवर आली. विसाव्या वेळी भाऊ स्वतःच मोठ्याने मोजत होता.

तो बाहेर आला. खिशातून किल्ली काढली आणि पुढे धरली.

"थांब," मशीनताई म्हणाली. "हात बरबटलेत."

ती नळाशी गेली. कोपरापर्यंत साबण लावला, नखं घासली, पाणी घेतलं. मग टॉवेल काढून एकेक बोट पुसू लागली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, अगदी सावकाश. मग दुसरा हात. भाऊ हात पुढे करून तसाच उन्हात उभा होता.