तिसरा नकार

बुरशीशास्त्र परिषदेत अध्यक्षपदासाठी कधी मतदान होत नसे. घटनेत तशी तरतूद होती. पण मतदान म्हटलं की कुणीतरी हरणार, आणि हरलेल्या माणसाच्या समोर बसून दुपारचं जेवण कसं जेवायचं, हा प्रश्न जावा बेटावरच्या जोगजकार्तात अजून कुणाला सुटलेला नव्हता. त्यामुळे सगळं सर्वसंमतीने होई. सभेतून कुणीतरी नाव सुचवायचं. त्या माणसाने तीनदा नको म्हणायचं. तिसऱ्या नकारानंतर सचिवाने हसत सभेकडे वळून म्हणायचं, "नको म्हणताहेत!" की टाळ्यांचा कडकडाट. पहिल्याच फटक्यात 'हो' म्हणणाऱ्याला पुन्हा कुणी साध्या उपसमितीवरही घेतलं नसतं.

या रीतीने प्रोफेसर मार्तोदिपुरो चार मुदती अध्यक्ष राहिले होते आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी डॉक्टर वुर्यानी तेवढाच काळ सचिव. परिषदेचं नियतकालिक, मंत्रालयाशी पत्रव्यवहार, समित्या आणि त्या समित्यांवर देखरेख ठेवणारी समिती, हे सगळं वुर्यानी पाहत. प्रोफेसर अधिवेशनाला येत, काशाच्या मोठ्या गाँगवर टोला मारत आणि सोयाबीन आंबवून तेम्पे करणाऱ्या बुरशीचे मानवजातीवर किती उपकार आहेत ते सांगत. गाँग भाड्याने आणणं, तो पुसून घेणं आणि ऐन वेळी त्याचा दांडा प्रोफेसरांपुढे धरणं, हेही सचिवाचंच काम.

तो दांडा एकदा आपण वापरावा, अशी वुर्यानींची इच्छा होती. इच्छा साधी होती आणि अजिबात बोलून दाखवण्यासारखी नव्हती. दोन वर्षांनी त्या विद्यापीठातून निवृत्त होणार होत्या. आता नाही तर कधीच नाही.

गुळाने मरतो त्याला विष कशाला, हे त्यांना ठाऊक होतं. गेल्या अधिवेशनात त्यांनी घटनेत एक कलम घालून घेतलं : ज्यांना जीवनगौरव मिळेल ते मानद सदस्य होतील आणि मानद सदस्यांना कोणत्याही पदाचा त्रास दिला जाणार नाही. ज्येष्ठांबद्दलचा हा आदर पाहून प्रोफेसरांचे डोळे पाणावले होते. खजिनदार तिगोर सिमानुल्लांग तेवढा गालात हसला होता. तो सुमात्राचा, बाताक जमातीचा. त्याच्या मुलखात नको म्हणजे नको.

"बू," बाहेर आल्यावर तो म्हणाला. बू म्हणजे बाई. परिषदेत सगळे वुर्यानींना तसंच हाक मारत. "कलम सुरेख आहे. म्हाताऱ्याला हार घालून दाराबाहेर."

"तिगोर, जीभ आवरा."

"माझी आवरतो. पण तुम्हाला अध्यक्ष व्हायचंय तर सरळ सांगा ना! मी नाव सुचवतो."

"मी असं कुठे म्हटलं?"

"तेच तर. तुम्ही जावाची माणसं 'नाही' कधी म्हणता आणि 'हो' कधी म्हणता, ते कळायला एक उपसमिती नेमायला हवी."

अधिवेशनाच्या आधी वुर्यानी प्रोफेसरांच्या कालिउरांगच्या घरी गेल्या. व्हरांड्यात होल्यांचे पिंजरे टांगलेले होते. प्रोफेसरांनी आपल्या हाताने मोगऱ्याचा वास असलेला गोड चहा ओतला, तळलेल्या तेम्पेची बशी पुढे सरकवली.

"जीवनगौरव? मला? नको गं."

"असं कसं, प्रोफ? सगळ्यांची इच्छा आहे."

"सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मला किती वर्षं झाली, तुला माहीत नाही? नको."

"हा तुमचा मोठेपणा."

"मोठेपणा कसला? खरंच नको, वुर्यानी."

तीन झाले. वुर्यानींनी समाधानाने चहाचा घोट घेतला.

प्रोफेसर होल्यांकडे बघत म्हणाले, "समजा, हा मान तुलाच दिला तर?"

वुर्यानींनी उचललेलं तेम्पे बशीत परत ठेवलं. "छे छे! मी कसली पात्र?"

"काम तर सगळं तूच केलंस. दमलेली दिसतेस."

"भलतंच काय, प्रोफ! नको."

"अगं पण—"

"हात जोडते. खरंच नको."

प्रोफेसर हसले. शहाण्या विद्यार्थिनीकडे बघून गुरू हसतो, तसं. "बरं, बरं," ते म्हणाले आणि त्यांनी चहा पुन्हा ओतला.

पुरस्कार समितीची बैठक बंद दाराआड झाली. समितीवर प्रोफेसर, तिगोर आणि मकासरच्या एक बाई होत्या. त्या बाई कशालाही सहमत असत. सचिवाला आत प्रवेश नव्हता. गुप्ततेचं तेही कलम वुर्यानींनीच लिहिलेलं.

अधिवेशनात सगळे परिषदेच्या तपकिरी बातिकमध्ये आले. राष्ट्रगीत झालं, खाऊची खोकी वाटून झाली. मग प्रोफेसर मंचावर उभे राहिले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "तिला विचारलं, तेव्हा तिने तीनदा नाही म्हटलं. यापरता पात्रतेचा पुरावा कोणता?"

वुर्यानींना नाव ऐकू आलंच नाही. टाळ्या ऐकू आल्या. कुणीतरी खांद्यावर रेशमी पट्टा टाकला, हातात स्मृतिचिन्ह म्हणून काचेची बुरशी दिली. छायाचित्रासाठी आधी सगळे गंभीर उभे राहिले, मग 'आता मजेशीर!' म्हटल्यावर सगळ्यांनी अंगठे वर केले. त्यांनीही केला.

मंचावरून उतरताना त्यांनी तिगोरला गाठलं. "तुम्ही होतात ना आत? सांगायचं नाही?"

"आत सांगितलं की! म्हटलं, बू नको म्हणताहेत तर ते नकोच असेल. प्रोफ म्हणाले, तू बाताक आहेस, तुला कळायचं नाही." तिगोरने खांदे उडवले. "बाहेर सांगणार कसा? कलम तुमचंच."

लगेच अध्यक्षाची निवड होती. नाव सुचवलं गेलं ते मार्तोदिपुरो यांचं. दुसरं कुणी डोळ्यांसमोर नव्हतं. जे होतं ते आता मानद झालं होतं.

"नको," प्रोफेसर म्हणाले. "माझं वय झालं."

सभा कौतुकाने हसली.

"मित्रांनो, नको. मला भाषणातलं पुढचं वाक्य आठवत नाही. घरी माझे होले आहेत, मला त्यांच्यापाशी बसायचंय."

सभा आणखी हसली. प्रोफेसरांनी दोन्ही हातांनी मेज धरलं. वुर्यानी पहिल्या रांगेत होत्या. त्यांना मेजाला घट्ट धरलेली ती बोटं दिसली. आणि एकाएकी मागची चारही अधिवेशनं आठवली. याच जागी, याच आवाजात हा माणूस नको म्हणत आला होता, आणि दर वेळी त्याला टाळ्यांच्या हवाली कुणी केलं होतं, तेही आठवलं. कलमाची गरजच नव्हती. एकदा त्याचं ऐकलं असतं तरी पुरे होतं.

"नको," प्रोफेसर तिसऱ्यांदा म्हणाले. "वुर्यानी, तू तरी सांग यांना."

वुर्यानी उठल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या सभेपुढे जे मनात होतं तेच बोलणार होत्या. काचेची बुरशी छातीशी धरून त्या मागे वळल्या.

"प्रोफ खरंच नको म्हणताहेत!"

टाळ्यांचा असा कडकडाट परिषदेच्या इतिहासात झाला नव्हता. मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. 'खरंच' हा शब्द या वर्षी नवा होता आणि तो सगळ्यांना फार आवडला. तिगोर तेवढा टाळ्या न वाजवता बसून होता.

प्रोफेसरांनी वुर्यानींकडे पाहिलं. मग मान हलवली आणि ते हळूहळू गाँगकडे निघाले.

वुर्यानींनी काचेची बुरशी तिगोरच्या हातात दिली, मंचावर चढून दांडा उचलला आणि सवयीने त्यांच्यापुढे धरला.